नियतकालिकांच्या जुन्या अंकांचे ग्रंथालयास दान

वर्गणीदार, लेखक, संपादक किंवा अभ्यासक या नात्याने एखाद्या व्यक्तीने स्वतःजवळ जपलेले साप्ताहिकांचे, मासिकांचे, त्रैमासिकांचे व संशोधनपत्रिकांचे मागील अंक विद्यापीठाच्या, महाविद्यालयाच्या अथवा संशोधनसंस्थेच्या ग्रंथालयास विनामूल्य व कायमचे देणे, यास नियतकालिकांच्या जुन्या अंकांचे दान असे म्हणतात. हा ग्रंथदानाचाच एक प्रकार असला, तरी त्याचे व्यवहार ग्रंथदानाहून पुष्कळ वेगळे आहेत. पुस्तक स्वयंपूर्ण असते. नियतकालिकाचा अंक हा एका मालिकेचा भाग असतो. त्यामुळे ट्रंकभर सुटे अंक ग्रंथालयाच्या उपयोगी पडत नाहीत आणि एखादाच अंक, ग्रंथालयाच्या संचात नेमका तोच नसल्यास, अत्यंत मोलाचा ठरतो. दान स्वीकारले जाईल की नाही आणि स्वीकारल्यावर त्याचा अभ्यासकांस उपयोग होईल की नाही, हे मुख्यत्वे या एका गोष्टीवर अवलंबून असते. इंग्रजीतील बहुतेक महत्त्वाच्या संशोधनपत्रिकांचे जुने अंक आता इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मिळतात. मराठीतील अनेक नियतकालिकांचे मिळत नाहीत. म्हणून मराठीपुरता हा विषय अद्याप निकडीचा आहे.

स्वरूप व संज्ञा

दान, ठेव आणि विनिमय या तीन गोष्टींत फरक करावा लागतो. दानात अंकांची मालकी ग्रंथालयाकडे जाते. ठेवीत मालकी मूळ धारकाकडे राहते व ग्रंथालय केवळ सांभाळ करते. अशी जबाबदारी घेण्यास फार थोडी ग्रंथालये राजी असतात. विनिमयात एका ग्रंथालयाकडील दुबार प्रती दुसऱ्याकडे जातात. एका नियतकालिकाच्या क्रमवार अंकांच्या समूहास ‘संच’ म्हणतात. त्यात खंड नसल्यास तो सलग, मध्ये अंक गहाळ असल्यास तुटक होय. वर्षाचे वा सहामाहीचे अंक एकत्र शिवून पुठ्ठ्यात बांधले, की त्यास बांधीव खंड म्हणतात.

पार्श्वभूमी

मराठी नियतकालिकांचा आरंभ बाळशास्त्री जांभेकर यांच्या ‘दर्पण’पासून (१८३२) मानला जातो. त्यानंतरच्या काळात निघालेल्या पत्रांची व मासिकांची एक प्रत तरी कोठेतरी राहावी, यासाठी कायद्याची तरतूद टप्प्याटप्प्याने झाली. १८६७ च्या मुद्रणविषयक कायद्याने छापील साहित्य सरकारदरबारी सादर करण्याची पद्धत रूढ झाली. स्वातंत्र्यानंतर १९५४ चा ग्रंथ-प्रदान कायदा आला आणि १९५६ च्या दुरुस्तीने तो वृत्तपत्रांस व नियतकालिकांसही लागू झाला. या कायद्यान्वये कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचे कॉनेमारा ग्रंथालय, मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय आणि दिल्लीचे सार्वजनिक ग्रंथालय ही प्रती मिळण्यास पात्र आहेत. तथापि कायदा असणे आणि प्रत्येक प्रकाशकाने प्रत्येक अंक नियमाने पाठविणे यांत अंतर राहते. तालुक्याच्या गावी, एखाद्या शिक्षकाने वा कार्यकर्त्याने पदरमोड करून चालविलेले आणि सात-आठ अंकांनंतर बंद पडलेले मासिक अशा व्यवस्थेतून सहज निसटते. ते टिकले असेल तर कुणा वर्गणीदाराच्या माळ्यावर.

सार्वजनिक वाचनालयांतील प्रतींची कथा निराळी. तेथे मासिक हे वाचकांच्या घरोघरी फिरण्यासाठी असते. दिवाळी अंक तर हातोहात फिरून वर्षभरात जीर्ण होतात व पुढील दिवाळीपूर्वी रद्दीत निघतात. मराठीतील दिवाळी अंकांची परंपरा का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये सुरू केली असे मानतात. शतकाहून मोठ्या या परंपरेचा अभ्यास करणाऱ्यास वाचनालयांपेक्षा खासगी संग्राहकांचा अधिक आधार घ्यावा लागतो.

सलगतेचे महत्त्व

जुन्या अंकांत जे सापडते ते सर्वच पुढे पुस्तकरूपाने येत नाही. ह. ना. आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी ‘करमणूक’ पत्रात क्रमशः प्रसिद्ध झाली. कादंबरी आज पुस्तकरूपात मिळते. परंतु ती वाचकांसमोर कोणत्या मजकुराच्या शेजारी, किती अंतराने व कोणत्या जाहिरातींसह आली, हे केवळ अंकच सांगतात. वाचकांचा पत्रव्यवहार, पोच, पुस्तक परीक्षणे, वर्गणीदारांस केलेल्या विनवण्या, अंक उशिरा निघाल्याबद्दलची संपादकाची दिलगिरी हा सर्व मजकूर पुस्तकांत कधीच शिरत नाही. वाङ्मयीन वाद तर अंकांतूनच पाहावे लागतात: एका अंकात लेख, पुढच्यात आक्षेप, तिसऱ्यात प्रत्युत्तर. यांतील मधला अंक गहाळ असेल तर संशोधकाला आक्षेपकाचे म्हणणे प्रतिपक्षाच्या शब्दांतून अनुमानावे लागते.

काही नियतकालिकांच्या बाबतीत खासगी संग्रहांचे महत्त्व अधिकच आहे. र. धों. कर्वे यांचे ‘समाजस्वास्थ्य’ (१९२७–१९५३) संततिनियमन व लैंगिक शिक्षण यांसाठी झटणारे मासिक होते. त्यावर खटले झाले. असे मासिक घरात ठेवणे ही त्या काळी सर्वांच्या सोयीची गोष्ट नव्हती. मुकुंदराव पाटील यांनी १९१० पासून नगर जिल्ह्यातील खेड्यांतून चालविलेले ‘दीनमित्र’ हे सत्यशोधक साप्ताहिक, अथवा गंगाधर पानतावणे यांनी औरंगाबादहून (आताचे छत्रपती संभाजीनगर) संपादित केलेले ‘अस्मितादर्श’ त्रैमासिक यांचा वाचक मोठ्या शहरांतील विद्यापीठीय वर्तुळापुरता नव्हता. त्यांचे अंक जेथे वाचले गेले तेथेच राहिले. साठोत्तरी लघुनियतकालिकांपैकी कित्येक चक्रमुद्रित होती, अनियमित निघत आणि मित्रांत वाटली जात. त्यांना वर्गणीदार असे फारसे नव्हतेच, मग ग्रंथालयीन वर्गणी कोठली? या चळवळीतील तरुणांनी १९६९ मध्ये ‘सत्यकथा’च्या अंकाची होळी केली होती. आज त्या काळाचा अभ्यास करणाऱ्यास ‘सत्यकथा’चे (१९३३–१९८२) अंक आणि तिच्या विरोधकांचे ते चक्रमुद्रित कागद, दोन्ही एकत्र लागतात. पहिले बांधीव खंडांत आढळतात. दुसरे बहुधा कुणाच्या तरी फायलीत.

एक विरोधाभास येथे नोंदविण्याजोगा आहे. पी. एल. ४८० या नावाने प्रसिद्ध असलेल्या अन्नधान्य-साहाय्य योजनेतून भारतात साठलेला रुपयांतील निधी वापरून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९६२ पासून भारतीय भाषांतील पुस्तके व नियतकालिके विकत घेऊन अमेरिकन विद्यापीठांस पाठविण्यास सुरुवात केली. परिणामी साठोत्तरी काळातील काही भारतीय नियतकालिकांचे संच त्यांच्या जन्मस्थानापेक्षा शिकागोसारख्या ठिकाणी अधिक नीट लावलेले आढळतात. त्यापूर्वीच्या काळाबाबत हा आधारही नाही.

ग्रंथालये नकार का देतात

आयुष्यभर जपलेला संग्रह घेऊन गेलेल्या दात्यास ‘आमच्याकडे जागा नाही’ असे उत्तर मिळाले म्हणजे तो दुखावतो. संग्रह दिवंगत पतीचा, वडिलांचा वा गुरूंचा असेल तर अधिकच. हा नकार पुष्कळदा अनास्थेचा नसतो, हे समजून घेण्यासाठी ग्रंथालयाच्या बाजूचा हिशेब पाहावा लागतो.

तीस वर्षे चाललेल्या मासिकाचे सहामाही बांधीव खंड साठ होतात. प्रत्येकाची जाडी चार सेंटिमीटर धरली तरी जवळजवळ अडीच मीटर फळी एकाच नियतकालिकाने व्यापली जाते. दान फुकट मिळाले तरी त्यानंतरचा खर्च ग्रंथालयाचाच असतो: अंकांची छाननी, कीड-निर्मूलन, बांधणी, सूचीकरण, फळी. शिवाय एकदा दाखल नोंदवहीत क्रमांक पडला, की तो खंड पुढील प्रत्येक परिगणनेच्या वेळी दाखवावा लागतो आणि बाद करावयाचा झाल्यास निर्लेखनाची रीतसर कार्यवाही करावी लागते. म्हणून अनुभवी ग्रंथपाल घाईने दाखल क्रमांक देत नाहीत.

दुसरे कारण इलेक्ट्रॉनिक संग्रहांचे. अमेरिकेत १९९५ मध्ये स्थापन झालेल्या जेस्टोर या संस्थेचा मूळ हेतूच ग्रंथालयांच्या फळ्यांवरील जुन्या खंडांचा भार हलका करणे हा होता. ब्रिटनमध्ये २००७ पासून यूके रिसर्च रिझर्व्ह या उपक्रमात मोजक्या छापील प्रती राखून इतर ग्रंथालयांना आपापल्या दुबार प्रती काढून टाकण्याची मुभा देण्यात आली. भारतात ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ या योजनेद्वारे जानेवारी २०२५ पासून शासकीय उच्चशिक्षण व संशोधन संस्थांना तीस प्रकाशकांच्या सुमारे तेरा हजार पत्रिका खुल्या झाल्या आहेत. मुंबईहून निघणारे ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ (१९६६ पासून, त्याचे पूर्वरूप ‘इकॉनॉमिक वीकली’, १९४९) हे प्राध्यापकांच्या घरी हमखास आढळणारे साप्ताहिक जेस्टोरवर उपलब्ध आहे. निवृत्त प्राध्यापकांकडून त्याचेच गठ्ठे वारंवार देऊ केले जातात आणि त्यांनाच सर्वांत आधी नकार मिळतो. त्याच घरातील ‘नवभारत’, ‘समाज प्रबोधन पत्रिका’, ‘अनुष्टुभ’ किंवा एखाद्या जिल्हा इतिहास मंडळाची पत्रिका मात्र दात्याने ‘हे काय कोणी घेणार’ म्हणून आधीच रद्दीत घातलेली असते. ही निवड नेमकी उलट व्हावयास हवी.

तिसरे कारण अटींचे. दात्याच्या नावाचे स्वतंत्र कपाट असावे, अंक एकत्रच ठेवावेत, बाहेर देऊ नयेत, दुबार प्रतीही काढू नयेत अशा अटी घातल्यास दान अडते. मोठ्या संग्रहांच्या बाबतीत स्वतंत्र दालनाला अर्थ असतो. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी १९१७ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरास आपला ग्रंथसंग्रह दिला, तो त्या ग्रंथालयाचा पायाच ठरला. तमिळनाडूतील रोजा मुथय्या यांच्या प्रचंड संग्रहाचेही उदाहरण दिले जाते. त्यांच्या निधनानंतर (१९९२) शिकागो विद्यापीठाने तो विकत घेतला, परंतु परदेशी न नेता १९९४ मध्ये चेन्नईतच त्याचे संशोधन ग्रंथालय उभे राहिले. चार-पाच नियतकालिकांच्या सामान्य संग्रहास अशी अपेक्षा लावणे व्यवहार्य नाही. प्रत्येक खंडावर ‘अमुक यांजकडून देणगीदाखल’ अशी चिठ्ठी लावणे आणि सूचीत तशी नोंद करणे, एवढे बहुतेक ग्रंथालये आनंदाने करतात.

दानापूर्वीची यादी

दानाच्या यशापयशाचा निर्णय बहुधा यादीवर होतो. ‘जुनी मासिके, सुमारे चारशे’ या वर्णनावरून ग्रंथपालास काहीच ठरविता येत नाही. नियतकालिकाचे नाव, प्रकाशनस्थळ, संपादक, वर्ष व अंक यांचे आकडे, महिना व सन, आणि कोणते अंक नाहीत याची नोंद एवढा तपशील हवा. नसलेल्या अंकांची नोंद ही असलेल्यांच्या नोंदीइतकीच आवश्यक आहे.

मराठी अंकांची यादी करताना काही अडचणी हमखास येतात. नियतकालिकाचे वर्ष जानेवारीतच सुरू होते असे नाही. ते पहिला अंक ज्या महिन्यात निघाला तेथून मोजतात. त्यामुळे एकाच सनात दोन वर्षांचे आकडे येतात. मे-जून किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर असे जोडअंक निघाल्यास बारा महिन्यांचे अंक दहा-अकराच भरतात. त्यास गहाळ समजू नये. काही संपादक जोडअंकास दोन क्रमांक देतात, काही एकच. दिवाळी अंक कधी नियमित क्रमांकात असतो, कधी क्रमांकाबाहेर. ‘विविधज्ञानविस्तार’सारख्या (१८६७–१९३७) जुन्या मासिकांत वार्षिक खंडास ‘पुस्तक’ म्हटलेले असल्याने नवख्या नोंदकर्त्याची फसगत होते. मुखपृष्ठावर केवळ शके असल्यास ७८ मिळविल्याने इसवी सन येतो. मात्र इसवी वर्ष पौषाच्या सुमारास बदलत असल्याने तेथून फाल्गुनापर्यंतच्या अंकांस साधारणतः ७९ मिळवावे लागतात. नियतकालिकाचे नाव वा गाव मध्येच बदलले असेल तर दोन्ही नावे लिहावीत: ‘किर्लोस्कर खबर’ (१९२०) हेच पुढे ‘किर्लोस्कर’ झाले.

अंक खरोखर दुर्मीळ आहे का, हे पडताळण्यासाठी शंकर गणेश दाते यांच्या ग्रंथसूचीच्या परंपरेत दाते सूची मंडळाने सिद्ध केलेली १८०० ते १९५० या काळातील मराठी नियतकालिकांची सूची उपयोगी पडते. विद्यापीठ ग्रंथालयांतील धारणेसाठी इन्फ्लिबनेट केंद्राची इंडकॅट ही संयुक्त तालिका पाहता येते. परंतु तीत मासिकाचे नाव आढळले म्हणून सर्व अंक तेथे आहेत असे होत नाही. ‘तुटक’ हा एक शब्द सूचीत लिहिला की त्यामागे तीन अंक असू शकतात किंवा तीनशे. यासाठी संबंधित ग्रंथालयास पत्र लिहून त्यांच्या गहाळ अंकांची यादी मागविणे हाच खात्रीचा मार्ग होय. असे पत्र आले तर ग्रंथपालांना संकोच वाटत नाही, उलट हायसे वाटते.

ग्रंथालयाची निवड करताना विषय पाहावा, अंतर पाहू नये. घराजवळचे अभियांत्रिकी महाविद्यालय वाङ्मयीन त्रैमासिकाचा संच सौजन्यापोटी ठेवूनही घेईल, पण तो वाचणारा विद्यार्थी तेथे येणार नाही.

अंकांची अवस्था

वृत्तपत्री कागदात लाकडाचा अंश व आम्लता अधिक असल्याने तो पिवळा पडून घडीवर तुटतो. दुसऱ्या महायुद्धातील कागदटंचाईच्या काळातील अंकांची स्थिती विशेष नाजूक असते. कसर, वाळवी व बुरशी ही कोकणात व घाटमाथ्यावर नित्याची विघ्ने. बुरशी आलेला एक गठ्ठा संपूर्ण दालनास लागण करू शकतो, म्हणून नवे दान काही काळ निराळे ठेवण्याची पद्धत आहे. सुकविलेले, झटकलेले अंक कोरड्या ऋतूत पोचविणे इष्ट. सुतळीने करकचून बांधल्यास कडा कापल्या जातात. खोक्यांत आडवे रचणे बरे.

दात्याने उत्साहाने केलेली डागडुजी पुष्कळदा नुकसानच करते. चिकटपट्टीचा गोंद काही वर्षांत तपकिरी होऊन अक्षरे खातो. गंजलेल्या टाचण्या काढाव्यात, परंतु पाने छाटू नयेत. बांधणी करतानाची एक जुनी सवय येथे सांगितली पाहिजे: खंड सुबक दिसावा म्हणून बाइंडर मुखपृष्ठे व जाहिरातींची पाने काढून टाकीत. दीनानाथ दलाल यांच्यासारख्यांची मुखपृष्ठे अशा रीतीने अनेक संचांतून नाहीशी झाली. त्यामुळे ग्रंथालयाकडे सलग बांधीव खंड असूनही वरच्या वेष्टनासह असलेला सुटा अंक हवासा वाटू शकतो, आणि यादीत ‘मुखपृष्ठासह’ हा शेरा लिहिण्यास विसरू नये.

समासातील टिपा, अधोरेखिते व सह्या खोडण्याचे कारण नाही. त्या कोणाच्या हे ठाऊक असल्यास एका चिठ्ठीवर लिहून ठेवावे. दुसऱ्या वाचनालयाचा शिक्का असलेला व परत न गेलेला अंक मात्र आधी त्या वाचनालयासच विचारला पाहिजे.

कायदेशीर बाजू

दानाने कागदी प्रतीची मालकी बदलते, मजकुराचा स्वामित्वहक्क नाही. तो लेखकाकडे वा प्रकाशकाकडे राहतो आणि भारतीय कायद्यानुसार सामान्यतः लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. त्यामुळे दात्याने ‘हे सर्व संकेतस्थळावर टाकावे’ अशी अट घातली, तरी ती पाळणे ग्रंथालयाच्या हाती नसते. परंतु १९५७ च्या कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने एक वाट मोकळी केली आहे: ज्या कृतीची छापील प्रत आधीच ग्रंथालयाकडे आहे, ती जतनासाठी इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठविण्याची मुभा बिगर-व्यापारी सार्वजनिक ग्रंथालयास आहे. छापील प्रत हाती असणे ही यातील पूर्वअट आहे.

आयकरातील देणगीविषयक वजावट रोख वा बँकेद्वारे दिलेल्या रकमेस मिळते. वस्तुरूप दानास मिळत नाही. दानपत्र म्हणून यादीची सही केलेली प्रत व ग्रंथालयाची पोच पुरेशी असते. दुबार वा अनावश्यक अंकांची विल्हेवाट ग्रंथालयाने कशी लावावी, हे त्याच कागदावर लिहिलेले असल्यास पुढील मनस्ताप टळतो. आपले नाव असलेला अंक काही वर्षांनी रद्दीवाल्याच्या हातगाडीवर सापडला, अशी तक्रार दाते करतात, तेव्हा बहुधा ही ओळ लिहिलेली नसते. इच्छापत्रात केवळ ‘माझी मासिके ग्रंथालयास द्यावीत’ असे नमूद केल्यास वारसांची पंचाईत होते. ग्रंथालयाचे नाव आणि त्याची आधी घेतलेली लेखी संमती दोन्ही हवीत.

न स्वीकारलेले अंक

अंक दुबार आहेत म्हणून नाकारले गेल्यास ग्रंथालयाकडे विनिमयाची चौकशी करता येते. परदेशांत यासाठी संस्थात्मक व्यवस्था झाल्या: अमेरिकेत १९४८ मध्ये सुरू झालेली यूएसबीई ही ग्रंथालयांच्या जादा अंकांची पेढी होती, तर न्यूयॉर्कच्या न्यू स्कूलमधील जर्नल डोनेशन प्रोजेक्टने १९९० पासून पूर्व युरोपातील व अन्य देशांतील ग्रंथालयांना पत्रिका पुरविल्या. मराठीत हे काम ग्रंथपालांच्या परस्पर ओळखींवर चालते. संबंधित नियतकालिक अद्याप चालू असेल तर त्याच्या संपादकांस आधी विचारावे. स्वतःच्याच मासिकाचा संपूर्ण संच कार्यालयात नसणे ही मराठीत अपवादात्मक गोष्ट नाही. त्याखेरीज लेखकाची जन्मभूमी असलेल्या गावचे वाचनालय, विषयाला वाहिलेले संग्रहालय, किंवा त्या काळावर प्रबंध लिहिणारा विद्यार्थी यांच्याकडे अंक जाऊ शकतात. संच फोडावा लागलाच, तर कोणते अंक कोणास दिले याची नोंद मूळ यादीवर करून तिची एक प्रत ज्या ग्रंथालयाकडे संचाचा सर्वांत मोठा भाग गेला तेथे ठेवतात.